नेटवर्क गेलं, आता रात्री आठला काय दाखवायचं?

अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी ही नेटवर्क्स गावोगावच्या स्थानिक स्टेशनांमार्फत घरात पोचतात. करार तुटला की स्टेशनच्या वेळापत्रकाला भगदाड पडतं: सकाळचा शो, राष्ट्रीय बातम्या, प्राइम टाइमचे आठवड्याला २२ तास, शिवाय मोठे सामने. हे बुजवायला चार पर्याय आहेत, आणि चारही सारख्या तोलाचे नाहीत.

माझा कौल स्थानिक बातम्यांना, पण न्यूजरूम आधीपासून तगडी असेल तरच. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या डब्ल्यूजेएक्सटी या स्टेशनने २००२ मध्ये सीबीएस सोडलं. नेटवर्कने स्टेशनला पैसे द्यायचे ही जुनी रीत उलटली होती, सीबीएसच आता पैसे मागत होतं. स्टेशन बातम्यांवर उभं राहिलं ते आजतागायत. बॉस्टनच्या डब्ल्यूएचडीएचची एनबीसी १ जानेवारी २०१७ ला गेली, तेव्हा त्यांनी आठला 'फॅमिली फ्यूड' हा गेम शो लावला आणि नऊपासून बातम्या. बातमीपत्रातल्या जाहिरातींचं प्रत्येक मिनिट तुमचं असतं. फ्लोरिडात चक्रीवादळ आलं, तर मालिका कापायची का म्हणून कुणाला विचारावं लागत नाही. अडचण एकच: नऊची आग साडेनऊला पुन्हा, दहाला पुन्हा, फरक इतकाच की वार्ताहराच्या मागचा बंब तोवर निघून गेलेला असतो.

विकतचे शो (गेम शो, कोर्टाचे शो) म्हणजे भरणा. विकणारा बऱ्याचदा पैसेही घेतो आणि जाहिरातींची काही मिनिटंही स्वतःकडे ठेवतो. त्यात नावाजलेले शो बहुधा समोरच्या स्टेशनने आधीच बांधून ठेवलेले. आठ ते नऊ एवढ्यापुरते घ्या.

सीडब्ल्यू किंवा मायनेटवर्कटीव्हीसारख्या लहान नेटवर्कचा आधार न्यूजरूम नसलेल्यांनी घ्यावा. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॉन या स्टेशनचं उदाहरण हमखास देतात. यंग ब्रॉडकास्टिंग या कंपनीने २००० मध्ये ८० कोटी डॉलरहून जास्त मोजून ते घेतलं. २००२ उजाडताच एनबीसी गेली, २००६ मध्ये मायनेटवर्कटीव्ही आलं आणि २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मला विचाराल तर दुखणं कार्यक्रमांपेक्षा कर्जाचं होतं.

राहिला खेळ. फिनिक्सचा सन्स हा बास्केटबॉल संघ २०२३ मध्ये केबल सोडून ग्रे कंपनीच्या फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर आला. प्रेक्षक हक्काचे, पण हंगाम संपला की उन्हाळ्यात आठचा प्रश्न जिथल्या तिथे.

मायामीतल्या डब्ल्यूएसव्हीएनची एनबीसी १९८९ ला गेली होती. त्यांनी फॉक्स नेटवर्कशी करार केला खरा, पण तेव्हा फॉक्सकडे दाखवायला फारसं नव्हतं; वेळ भरला तो बातम्यांनीच. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच शहरातल्या डब्ल्यूपीएलजीची एबीसी सुटली. ती गेली डब्ल्यूएसव्हीएनच्याच उपवाहिनीवर.