इतवारीचा मसाला, दुबईचा कायदा : 'वायपो लेक्स' आठ महिने वापरल्यावर

सुरुवात सावजी मसाल्याच्या डब्यापासून झाली. नागपूरच्या इतवारीतले एक व्यापारी आमच्या वकिली ऑफिसात आले. त्यांचा माल शारजा-दुबईला जातो, आणि डब्यावरचं नाव तिकडे कोणी ढापू नये एवढीच त्यांची इच्छा. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी कुठल्याशा सल्लागाराकडून चार पानी टिपण करून घेतलं होतं. त्यात दोन गोष्टी ठासून लिहिलेल्या : अमिरातीत १९९२ चा ट्रेडमार्क कायदा चालतो, आणि तो देश मॅड्रिड व्यवस्थेत (एकाच अर्जावर अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची सोय) नाही, म्हणून तिथला वकील धरून वेगळा अर्ज करावा लागेल. वकीलसाहेबांनी ते टिपण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बघा जरा, मला काही पटत नाही."

वायपो म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, मुक्काम जिनिव्हा. 'लेक्स' हा तिचा कायद्यांचा साठा. देश निवडायचा, की त्याचे कायदे, नियम आणि त्याने स्वीकारलेले करार समोर येतात. लॉगिन नाही, पैसे नाहीत. अमिरातीचं पान उघडलं तर १९९२ चा ३७ क्रमांकाचा कायदा रद्द झालेल्यांत पडलेला. त्याच्या जागी २०२१ चा ३६ क्रमांकाचा. करारांत मॅड्रिड प्रोटोकॉल : अमिरातीला लागू २८ डिसेंबर २०२१ पासून, भारताला ८ जुलै २०१३ पासून. म्हणजे इथल्या अर्जाच्या जोरावर, आपल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत तिकडचं संरक्षण मागता येतं. (पहिली पाच वर्षं इथला मूळ अर्ज किंवा नोंदणी पडली तर तिकडचीही पडते, हेही त्यांना सांगितलं.)

व्यापारी माझ्या स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "ताई, हे सारं फुकटात दाखवून राह्यले, अन् मी त्याले पैसे मोजून आलो!"

फुकटात का दाखवतात, हे मलाही नंतरच कळलं. त्यात कोणाचा दानधर्म नाही, देशांनी एकमेकांना बांधून घेतलं आहे. पेटंट-ट्रेडमार्कचा जुना करार १८८३ चा, पॅरिसचा. त्याच्या कलम १५ प्रमाणे नवा कायदा केला की तो जिनिव्हाला कळवायचा. १९९५ पासून ट्रिप्स आला, जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा करार. त्याचं कलम ६३ जास्त कडक आहे : कायदे, नियम आणि अंतिम निकाल प्रसिद्ध करा, आणि कायदे-नियम ट्रिप्स परिषदेला कळवा. दुसऱ्या देशाने लेखी विचारलं तर माहिती द्या. नियम घरातच दडवून ठेवला तर परका व्यापारी त्यात आपटतो, असा हा साधा विचार. एकच कायदा दोन्हीकडे पाठवायचा ताप नको म्हणून २२ डिसेंबर १९९५ ला दोन्ही संघटनांनी आपसात करार केला.

हे समजल्यावर साइटचा स्वभाव कळला. लेक्स हे गोदाम आहे, आणि माल प्रत्येक देश आपल्या सवडीने पाठवतो. कोणी कायदा होताच धाडतो, कोणी दुरुस्त्यांचा ढीग साचल्यावर. त्यामुळे कायदा सापडला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. त्याच्या खाली 'अमुक कायद्याने दुरुस्त' असं असतं, ते आधी बघावं. अर्ज करण्याआधी त्या देशाच्या राजपत्रावर किंवा कार्यालयाच्या साइटवर नजर टाकावीच.

माझी एक फजिती. पहिल्या टिपणात मी अमिरातीचा नवा कायदा '२०२१ पासून लागू' असं लिहिलं. कायदा २०२१ चा खरा, पण लागू २ जानेवारी २०२२ पासून. मंजुरीची तारीख वेगळी, अंमलाची वेगळी, दोन्ही समोर होत्या, मीच वाचल्या नाहीत. साहेबांनी लाल पेनाने गोल करून कागद परत दिला, वर एक शब्दही नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

भाषेचं सांगायचं तर साइट संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत आहे, मराठी-हिंदी त्यात नाही. व्यापार संघटनेला मुख्य कायदे इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये द्यावे लागतात, बाकीचे आपल्या भाषेत चालतात. त्यामुळे मुख्य कायदा बहुधा इंग्रजीत वाचता येतो, आणि खालच्या नियमावलीला आपण अरबीसमोर उभे. मशीन अनुवादाने अंदाज येतो, पण त्यावर अर्ज करायला मी धजणार नाही.

लेक्सवर कोर्टाच्या निकालांचा विभाग २०२० मध्ये आला. कायद्यांच्या मानाने तो विरळ वाटतो, कारण निकाल प्रसिद्ध करणं बंधनकारक असलं तरी परिषदेला कळवायचे असतात ते कायदे आणि नियमच.

माझ्या आवडीची गोष्ट मात्र लेक्सच्या बाहेर आहे, व्यापार संघटनेच्या दस्तऐवजांत. 'आयपी/एन/१' ने सुरू होणारे कागद म्हणजे देशांनी कळवलेले कायदे. शिवाय अंमलबजावणीची प्रश्नावली आहे : कोणत्या कोर्टात जायचं, सीमाशुल्कवाले माल अडवतात का, अशा प्रश्नांना सरकारांनी स्वतः दिलेली उत्तरं. काही बरीच जुनी आहेत, पण कायद्याच्या पोथीत न सापडणारा व्यवहार तिथे सापडतो.

काटोलकडचे संत्रावालेही मध्यंतरी येऊन गेले. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, मग बांगलादेशात तो आपोआप चालतो, अशी त्यांची समजूत. तसं नसतं. बांगलादेशचा जीआय कायदा वेगळा, २०१३ चा, आणि जे मागायचं ते त्या कायद्याखाली. इथली नोंदणी कामाची अशासाठी, की मूळ देशातच संरक्षण नसेल तर ट्रिप्सप्रमाणे दुसऱ्याने ते द्यायची सक्ती नाही. कायद्याची प्रत काढून दिली. पुढे काय केलं, ते परत आले नाहीत.

मसाल्याचा अर्ज गेला. आता व्यापाऱ्यांना कतारला माल पाठवायचा आहे. परवा पान उघडून दाखवलं : मॅड्रिड, ३ ऑगस्ट २०२४ पासून लागू. त्यांनी मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला आणि मलाच विचारलं, "अन् ताई, अंमलाची तारीख हेच ना?"