पाळीच्या दुखण्यासाठी तालुक्याची सोनोग्राफी: पाचपैकी दोन तारे

चोपडा असो की शहादा, खान्देशात तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते आणि रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडतो. मुतखड्याला, गरोदरपणाला झकास सेवा. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, शोधायचा म्हटलं की मात्र गाडी अडते.

गडबड काउंटरपासूनच. येईल तिला 'लिटरभर पाणी प्या, लघवी कोंडून बसा'. पोटावरून बघायला ते ठीक. योनीमार्गातून करायच्या तपासणीला, म्हणजे टीव्हीएसला, मूत्राशय जवळजवळ रिकामं लागतं. चिठ्ठीवर नुसतं 'यूएसजी पेल्विस' (ओटीपोटाची सोनोग्राफी) असेल तर टीव्हीएस बहुधा होतच नाही.

खरी परीक्षा पुढे. प्रोबने हलकेच दाबून गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकतात का बघायचं. यालाच 'स्लायडिंग साइन' म्हणतात. चिकटलेले असतील तर दोन्ही एकदमच हलतात. अंडाशयं मोकळी आहेत का, प्रोब टेकल्यावर नेमकं कुठे कळ येते, हेही तेव्हाच कळतं. घाईत हे सगळं सुटतं. रिपोर्टात फक्त गर्भाशयाचं माप आणि 'नॉर्मल स्टडी' असेल, तर आजार नाही असं समजू नका. पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक डाग चांगल्या टीव्हीएसलाही सहसा दिसत नाहीत.

चॉकलेट सिस्ट, म्हणजे याच आजारात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ, मात्र बऱ्यापैकी पकडतात: आत एकसारखा धुरकट करडा रंग, दुधी काचेसारखा. अंडाशयातली रक्ताची साधी गाठही कधी तशीच दिसते, म्हणून ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा बघावं. साधी असेल तर विरते. जोडीला सीए-१२५ची रक्ततपासणी लिहिणं म्हणजे फुकटचा खर्च. त्यावरून निदान होत नाही.

लग्न न झालेल्या मुलींचं टीव्हीएस टाळतात, बरोबरच. पण गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय होतो, हे सांगायला काय जातं? घरी 'लगीन व्हयनं का बरं व्हई जाई' ऐकायचं, सेंटरवर 'नॉर्मल'!

जाण्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: 'टीव्हीएस, एंडोमेट्रिओसिसची शंका, स्लायडिंग साइन, दोन्ही किडन्या'. किडन्या अशासाठी की मूत्रनलिका दाबली गेली तर किडनी न दुखताही सुजते. सोबत दोन-तीन पाळ्यांची नोंद न्या: किती दिवस दुखलं, किती गोळ्या लागल्या, शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुर्बिणीचं ऑपरेशन केल्याशिवाय निदान नाही, असं आता राहिलेलं नाही. लक्षणांवरूनही गोळ्या सुरू करता येतात.