कोल्हापूर न छापलेला पृथ्वीगोल

भाची यंदा सहावीत गेली आणि भूगोलाच्या सुरुवातीच्या पाठांतच अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते यांची तिच्या डोक्यात सरमिसळ होऊ लागली, म्हणून महाद्वार रोडवरच्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून ३० सेंटिमीटर व्यासाचा, मराठी अक्षरांचा पृथ्वीगोल १,२५० रुपयांना आणला. चार महिने तो रोजच्या वापरात आहे. तो घ्यावा असेच माझे मत आहे, मात्र घेताना एक-दोन गोष्टी दुकानातच पारखून घ्याव्यात.

गोलावर दोन्ही प्रकारची वृत्ते दर १५ अंशांनी छापली आहेत. पृथ्वीला १५ अंश फिरायला एक तास लागतो, त्यामुळे दोन रेखावृत्तांमधला पट्टा म्हणजे एक तास हे मुलांना बोटाने मोजता येते. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर एवढीच नावे त्यावर आहेत. कोल्हापूर नाही, याचे आधी वाईट वाटले, पण शिकवण्याच्या दृष्टीने तेच सर्वांत उपयोगी पडले. कोल्हापूरचे स्थान १६ अंश ४२ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश १४ मिनिटे पूर्व. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणून ७५ पूर्व रेखावृत्ताच्या डावीकडे जेमतेम दोन मिलिमीटर आणि १५ उत्तर अक्षवृत्ताच्या वर साडेचार मिलिमीटर मोजून भाचीने तिथे बारीक मार्करने टिंब दिले. मग टिंबावर पेन्सिलीचे टोक स्थिर धरून गोल हळूहळू फिरवला, तर त्याच टोकाखालून म्यानमारमधले यांगून, मालीमधले टिंबक्टू आणि मेक्सिकोतले अकापुल्को अगदी जवळून गेले. एका अक्षवृत्तावरची गावे म्हणजे काय, हे त्यानंतर तिला सांगावे लागले नाही.

भिंतीवरच्या सपाट नकाशात रेखावृत्ते बहुधा समांतर काढलेली असतात आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. आम्ही शिवणकामाच्या टेपने ७५ आणि ९० रेखावृत्तांमधले अंतर मोजले. ते विषुववृत्तावर ३.९ सेंटिमीटर भरले, ६० अक्षवृत्तावर त्याच्या निम्मे, आणि ध्रुवावर दोन्ही रेषा एकाच बिंदूत मिळाल्या. अक्षवृत्तांमधले अंतर मात्र खालपासून वरपर्यंत तेवढेच राहिले. ही गोष्ट वाचून पाठ होते, पण टेप हातात असताना समजते.

गोलाचा मला सर्वांत भावलेला उपयोग अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या संदर्भातला आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्याकडे येतात, हे कोल्हापुरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, परंतु याच दोन तारखा का, असे सहसा कोणी विचारत नाही. या दोन्ही वेळी सूर्य दक्षिण गोलार्धात सुमारे १७ अंशांच्या अक्षवृत्तावर, म्हणजे फिजी बेटांच्या आसपासच्या अक्षवृत्तावर, डोक्यावर येतो. नोव्हेंबरमध्ये तो मकरवृत्ताकडे जाताना हे अक्षवृत्त ओलांडतो, २२ डिसेंबरच्या सुमारास मकरवृत्त गाठतो आणि परतताना पुन्हा तिथेच येतो. म्हणूनच दोन्ही किरणोत्सव २२ डिसेंबरच्या आगेमागे साधारण ४१ दिवसांवर येतात आणि दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला, एकाच जागी मावळतो. गोलावर १७ दक्षिणेवर बोट ठेवून मी हे समजावले तेव्हा मंदिर बांधणाऱ्यांच्या निरीक्षणाविषयी भाचीइतकेच मलाही कौतुक वाटले. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हाच सूर्य आपल्या टिंबावर येतो आणि दुपारी सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. ती वेळ बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास असते, कारण आपले घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर चालते आणि आपण त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला आहोत.

आता उणिवा. रेखांशांच्या आकड्यांपुढे पूर्व की पश्चिम हे छापलेले नाही. भाचीने पहिल्या प्रयत्नात ७४ अंश पश्चिम मोजले आणि कोल्हापूर हैतीच्या दक्षिणेला, कॅरिबियन समुद्रात जाऊन पडले. विद्यार्थ्यांसाठीच्या गोलावर ही चूक अक्षम्य आहे. आम्ही शेवटी प्रत्येक आकड्यापुढे पेनने 'पू.' आणि 'प.' लिहिले. दुसरी उणीव चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांच्या जोडाची. पॅसिफिकमध्ये कर्कवृत्त एका जोडापाशी दीड मिलिमीटर खाली सरकले आहे, म्हणजे प्रत्यक्षात साठ किलोमीटरहून अधिक. दुकानदाराने विनातक्रार दुसरा गोल काढून दाखवला, पण त्याचा जोड भारतावरूनच जात होता, म्हणून पहिलाच ठेवला. कमान आणि बैठक मजबूत आहे, आणि आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याची खात्री मी कोनमापकाने करून घेतली. दुकानात गोल हातात घेतल्यावर विषुववृत्तावर नजर ठेवून तो एकदा पूर्ण फिरवावा. रेषा कुठे तुटते ते लगेच दिसते.