छोट्या नदीवरचा स्टीलहेड: रॉड एकहाती घ्यावा की दोनहाती?

हिवाळा तोंडावर आला की ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला, हिल्सबरो-बीव्हर्टनकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. फ्लाय-फिशिंगचा, ट्राउट माशासाठीचा पाच नंबरचा रॉड (नंबर लाइनच्या वजनाचा) हातात बसलेला असतो, उन्हाळ्यात डेशूट्स नदीच्या दोन-चार फेऱ्या झालेल्या असतात आणि आता किल्चिससारख्या छोट्या नदीवर हिवाळी स्टीलहेडच्या, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या ट्राउटच्या, मागे लागायचं असतं. दुकानात गेलं की बहुतेक वेळा अकरा फुटी दोनहाती रॉड पुढे येतो, ज्याला तिथे ‘स्विच’ म्हणतात. मीही तोच घेतला होता. तीन हिवाळे त्याच्यावर काढले. चौथ्या वर्षी साडेनऊ फुटी, आठ नंबरचा एकहाती घेतला. आज दोन्ही घरात आहेत आणि दोन्ही वापरात आहेत, म्हणून सांगायचं धाडस करतोय.

आधी नदीबद्दल, कारण उत्तर तिच्यातच आहे. किल्चिस कोस्ट रेंजमध्ये उगम पावते आणि टिलामूकच्या खाडीला मिळते. नाव टिलामूक या मूळनिवासी लोकांच्या एका प्रमुखाचं. नदी आखूड, उताराची, पावसावर जगणारी. टिलामूकला वर्षाला साधारण ९० इंच पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक हिवाळ्यात. रात्री धो धो कोसळला की सकाळी पाणी गढूळ, आणि पाऊस थांबला की एक-दोन दिवसांत ते हिरवट काचेसारखं निवळायला लागतं. मी कोकणातला. आमच्याकडच्या नद्याही अशाच, सह्याद्रीवरून उतरतात आणि बघता बघता खाडीत जातात. वरच्या किल्चिसचा खडकही आपल्या ओळखीचा आहे, काळा बेसॉल्ट. पहिल्यांदा त्या कातळावर पाय ठेवला तेव्हा परक्या मुलुखात असल्यासारखं वाटलंच नाही. लहानपणी मामाबरोबर बांबूच्या काठीने खाडीत गरवायला जायचो, ते आठवलं.

वरच्या टप्प्यात, रस्ता नदीला बिलगून स्टेट फॉरेस्टमध्ये शिरतो तिथून पुढे, नदी बऱ्याच ठिकाणी पन्नास-साठ फुटांहून रुंद नाही. बैलगाडीएवढे धोंडे, त्यांच्यामागे घोंगडीएवढी संथ जागा, मग खळाळ, मग गुडघ्यावरून कमरेपर्यंत खोल होत जाणारा डोह. स्टीलहेड त्या संथ जागेत किंवा डोहाच्या शेपटाला थांबतो. म्हणजे तुमच्यापासून वीस ते पस्तीस फुटांवर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच येणार आहे.

दोनहाती रॉडच्या बाजूने पहिला मुद्दा सगळे सांगतात, आणि तो खराच आहे: मागे जागा लागत नाही. टिलामूकचं हे जंगल १९३३ च्या वणव्यात जळलं, मग १९३९, १९४५ आणि १९५१ मध्ये पुन्हा पेटलं. पुढे हाताने रोपं लावून ते पुन्हा उभं केलं. आज काठावर अल्डरची दाटी आहे, फांद्या थेट पाण्यावर झुकलेल्या, खाली सॅमनबेरीची काटेरी झुडपं. अशा काठावर लाइन मागे टाकून पुढे फेकायचा विचारच सोडायचा. दोनहाती रॉडने लाइन पाण्यावरच अडकवून, पाठीमागे छोटा झोळ करून पुढे उडवता येते. ही पद्धत स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरची. तिचं आखूड, जड हेडचं (हेड म्हणजे लाइनचा पुढचा जाड भाग) रूप वॉशिंग्टनच्या स्कॅजिटवर घडलं. आम्हा हिवाळ्यातल्या लोकांवर त्या नदीचे मोठे उपकार आहेत.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण तो फारसं कुणी सांगत नाही. अकरा फुटी रॉड उंच धरला की मधल्या वेगवान धारेवरून लाइन उचलून धरता येते आणि फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेलं आमिष, पलीकडच्या संथ जागेत रेंगाळते. धोंड्यामागची जागा नीट चाळायची असेल तर हा दीड फूट फरक हाताला जाणवतो. शिवाय खांद्याला आराम. पावसात सहा तास उभं राहून जड टिप (लाइनच्या पुढे जोडलेला बुडणारा तुकडा) आणि भिजलेली मोठी फ्लाय दोन हातांनी फेकणं आणि एका हाताने फेकणं यांत संध्याकाळी मोठं अंतर पडतं. ज्यांचा खांदा दुखरा आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. दोनहाती घ्या आणि सुखाने फिरा.

आता मला ज्या गोष्टीने वळवलं ती सांगतो. अगदी बारीक आहे, दुकानात कळत नाही.

दोनहाती रॉडवरची लाइन एकसंध नसते. मागे बारीक रनिंग लाइन, पुढे वीसेक फुटांचं जाड हेड, त्याच्यापुढे दहा फुटांची बुडणारी टिप आणि मग चार फूट टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा. हे सगळे भाग लूप अडकवून जोडलेले असतात. बेरीज केली तर चौतीस फूट. म्हणजे फ्लाय रॉडच्या टोकापासून चौतीस फुटांच्या आत आली की हेड आणि रनिंग लाइनचा जोड रॉडवरच्या, लाइन ओवायच्या कड्यांमधून आत शिरतो. मोठ्या नदीवर असं दिवसातून कधीतरी होतं. किल्चिसवर प्रत्येक फेकीला होतं, कारण मासाच तेवढ्या अंतरावर असतो.

लाइन खेचत असताना जोड टोकाच्या कडीतून जातो तेव्हा टक् असा बारीक आवाज येतो आणि बोटाला हिसका बसतो. मग पुढच्या कडीला टक्, त्याच्या पुढच्या कडीला टक्. आता परत फेकायचं तर आधी हेड बाहेर काढलं पाहिजे. रॉड डावी-उजवीकडे हलवत, लाइन झटकत ते बाहेर सोडायचं, आणि तेवढ्यात फ्लाय प्रवाहाबरोबर खाली जाऊन कुठल्यातरी कपारीत बसते. बेसॉल्टच्या कपारीत बसलेली फ्लाय सहसा परत येत नाही. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, माझा हात अजून बसलेला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात लक्षात आलं की हाताचा दोष नाही, नदीच्या मापाचा आहे. थंडीत तर कड्यांवर बर्फ धरतो आणि जोड तिथेच अडतो. बोटं बधिर झालेली असताना प्रत्येक कडी तोंडाजवळ नेऊन वितळवायची, दोन फेकी करायच्या, परत तेच.

तरीही मी तो रॉड सोडला नसता. तिसऱ्या हिवाळ्यातली फेब्रुवारीतली एक सकाळ आहे. आदल्या दिवशी पाणी उतरलेलं, शेजारच्या विल्सन नदीच्या पाणीपातळीच्या गेजवरून किल्चिस निवळली असणार असा अंदाज बांधून मी उजाडायच्या आत पोहोचलो होतो. एका डोहाच्या शेपटाला, फ्लाय वळून काठाशी येत असताना, लाइन जड झाली. झटका नाही, कुणीतरी ओलं पोतं अडकवावं तशी जड. मग मासा उसळला. चंदेरी अंग, बाजूला गुलाबीची झाक नुकती धरायला लागलेली, आणि शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत. म्हणजे हॅचरीतला (मासे पैदास करून सोडायच्या केंद्रातला, त्यांचा हा पर कापलेला असतो) नव्हे, याच नदीत जन्मलेला. दहा मिनिटं त्याने मला त्या धोंड्यांमधून फिरवलं. शेवटी थकून कुशीवर झाला आणि मी त्याला काठाशी ओढायला लागलो. पंधरा-सोळा फुटांवर होता. हेडचा जोड केव्हाच सगळ्या कड्या ओलांडून आत गेलेला. मला पाहून तो एकदम उलटा वळला, लाइन सुटली, आणि तो जोड बाहेर येता येता टोकाच्या कडीला आडवा अडकला. अर्धा सेकंद असेल. तेवढ्यात टिपेट तुटलं. पाण्यावर एक भोवरा राहिला, तोही लगेच धारेत मिसळला.

तो मासा मी सोडणारच होतो. हरवल्याचं दुःख खाण्याचं नव्हतं. माझ्या तुटलेल्या टिपेटसह, तोंडात गळ घेऊन तो अंडी घालायच्या प्रवासाला पुढे गेला, याचं दुःख होतं. पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतो. स्टीलहेडमधले काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. अशा जिवाला शेवटच्या पंधरा फुटांत आपल्या सामानाच्या चुकीने इजा व्हावी, हे मला पटलं नाही.

एकहाती रॉडवर ही गोष्ट घडतच नाही, निदान माझ्या मांडणीत नाही. साधी फ्लोटिंग लाइन, एकसंध. पुढे सात फुटांचा बुडणारा पॉलीलीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा दोरा, आणि चार फूट टिपेट. वाटेत एकच जोड, तोही मासा हाताशी येईपर्यंत रॉडच्या बाहेर राहतो. वीस फुटांवर असो की आठ, लाइन कड्यांतून तेलासारखी सरकते. फ्लाय थोडी वजनदार बांधली की गुडघा ते कंबर खोलीच्या पाण्यात पुरेशी खाली जाते. त्याहून खोल, दहा फुटांचे डोह मी या रॉडने सोडून देतो. त्यांत मासा नसतो असं नाही, पण किल्चिसवर त्यांच्यासाठी थांबायची गरज मला क्वचितच वाटली आहे.

आणि मागच्या फांद्यांचं काय? इथे माझा समज चुकीचा होता. वीस-तीस फुटांसाठी दोन हात लागतातच असं नाही. दोनहाती रॉडवर जो झोळ शिकलो तोच एका हाताने होतो. फ्लाय पाण्यावर टेकवायची, रॉड खांद्यामागे न्यायचा, डाव्या हाताने लाइनला एक छोटी ओढ द्यायची आणि सोडायची. त्या ओढीने रॉड वाकतो. जमायला मला साधारण एक हिवाळा लागला, पण ज्याला रोल कास्ट (लाइन मागे न टाकता पाण्यावरूनच पुढे उलगडायची फेक) येतो त्याला दोन-तीन शनिवारांत कळेल असं वाटतं.

यावर कुणी म्हणेल की दोनहाती रॉडलाही जोड नसलेली एकसंध लाइन मिळते. मिळते, मी लावून पाहिली. टक् टक् गेलं. पण पंचवीस फुटांवर फेकायचं म्हटलं की अर्धं जड हेड रॉडच्या आतच राहतं, रॉड वाकतच नाही आणि लाइन समोर गोळा होऊन पडते. रॉडचा यात काही दोष नाही. त्याला लांबची फेक हवी असते आणि इथे ती देता येत नाही.

चालण्याबद्दलही सांगायला हवं. किल्चिसवर दिवसाचा अर्धा वेळ मासेमारीत आणि अर्धा एका धोंड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात जातो. अकरा फुटी रॉड टोक मागे करून धरला तरी सॅमनबेरीत अडकतो, आणि अडकला की आपण पुढे गेलेलो असतो. साडेनऊ फुटी त्यामानाने मुकाट्याने मागे येतो. मी एकटा जातो, त्यामुळे एक हात मोकळा असणं मला फार मोलाचं वाटतं. काठी टेकायला, फांदी धरायला, आणि शेवटी गुडघ्यावर बसून माशाची शेपूट धरायला. लांब रॉडने एकट्याने मासा जवळ घेताना हात कितीही मागे नेला तरी मासा दोन फूट लांबच राहतो. त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवायचा तर हे दोन फूट महत्त्वाचे असतात.

एकहाती रॉडच्या तक्रारी माझ्याही आहेत. तासाभराने मनगट बोलायला लागतं. वारा समोरून असेल तर वजनदार फ्लाय कानाजवळून जाते, चष्मा आणि टोपी नसेल तर फेकूच नये. पाणी अजून थोडं चढलेलं, हिरव्याऐवजी राखाडी असेल तेव्हा मोठी फ्लाय आणि जड टिप लागते आणि तिथे हा रॉड कमी पडतो. त्या दिवशी मी खालच्या विल्सनवर जातो आणि दोनहातीच घेतो. सँडी, क्लॅकमस, डेशूट्स किंवा दक्षिणेकडची नॉर्थ अम्पक्वा, जिथे १९५२ पासून वरच्या टप्प्यात फक्त फ्लायनेच मासेमारी करता येते, अशा ठिकाणी एकहाती घेऊन जायचं मला सुचणार नाही.

तेव्हा एकच रॉड घ्यायचा असेल आणि वर्षभरात मोठ्या नद्यांवर जास्त जाणार असाल, तर दोनहाती घेऊन किल्चिसवर त्याचा त्रास सोसावा, हे व्यवहाराला धरून आहे. माझे दोन मित्र तसंच करतात आणि माझ्याहून जास्त मासे पकडतात. पण मन छोट्या नदीतच अडकलं असेल, शनिवारी पहाटे गाडी आपोआप टिलामूककडेच वळत असेल, तर मी एकहातीच सुचवीन.

पैसे भरायच्या आधी एक करता येईल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किल्चिस अगदी बारीक झालेली असते, दगडन् दगड दिसतो. तेव्हा रॉड न घेता, पन्नास फुटी टेप घेऊन जा. हिवाळ्यात जिथे उभे राहाल तिथून, जिथे मासा थांबेल असं वाटतं त्या धोंड्यामागच्या जागेपर्यंत अंतर मोजा. अशा दहा जागा मोजा आणि वहीत लिहा. मी मोजल्या तेव्हा दहापैकी आठ तीस फुटांच्या आत होत्या.