एन-कर्सेस-डब्ल्यू: टर्मिनलमध्ये ठळक, रंगीत मराठी लिहायची असेल तर

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर माझा प्रोग्राम दोन महिन्यांपासून चालू आहे, सगळा एन-कर्सेस-डब्ल्यू या लायब्ररीवर (सी भाषेतून टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, मजकूर मांडणारी) लिहिलेला, म्हणून वापरून झाल्यावरच लिहितोय. जुना पीसी, माउस नाही, गाडी आली की गाव, शेतकरी, क्विंटल, भाव टाकायचा आणि एंटर मारायचं, त्यामुळे टर्मिनलच घेतलं.

आधी सी मधल्या साध्या प्रिंटएफने गावाच्या नावाला २० चा कॉलम केला होता. आप्पांनी, म्हणजे त्या व्यापाऱ्यांनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "भो, यावलचा आकडा इतका पुढे काबरं सरकू राहिला?" बरोबरच होतं त्यांचं. यावल आणि फैजपूर ही दोन्ही गावांची नावं पडद्यावर ४-४ घरं (एका अक्षराची जागा म्हणजे एक घर) घेतात, पण प्रिंटएफ बाइट मोजतं, यावलचे १२ आणि फैजपूरचे १८, मग एकामागे ८ स्पेस पडतात आणि दुसऱ्यामागे २. रुंदी डब्ल्यूसीएस-विड्थ या फंक्शनने मोजायची, बाइट मोजायचेच नाहीत.

आता स्टाइलचं. इंग्रजी अक्षराला ए-बोल्ड (ठळकची खूण) 'ऑर' करून, म्हणजे बिट जोडून, अक्षर छापणाऱ्या ॲडसीएचला दिलं की झालं, ती सवय मराठीत नडते. ॲडसीएच घेतं त्या जुन्या सीएच-टाइपमध्ये अक्षराला ८ च बिट आहेत, वर लगेच रंगाची जागा. क चा युनिकोड नंबर हेक्समध्ये ०९१५, त्यातला १५ अक्षर म्हणून जातो आणि ०९ रंगाच्या जोडीत घुसतो, पडद्यावर क च्या जागी कंट्रोल-यू ची खूण येते. म्हणून सीचार-टी हा टाइप आहे, अक्षर, ॲट्रिब्यूट (ठळक वगैरे), रंग सगळं वेगवेगळं ठेवणारा, आणि तो भरायला सेटसीचार.

इथेच माझे दोन दिवस गेले. सेटसीचार एका घरात एकच जागा घेणारं अक्षर ठेवतं, त्याच्यामागे फक्त शून्य रुंदीची चिन्हं चालतात, सगळी मिळून ५ पर्यंत. 'फै' बसतं कारण ऐ ची मात्रा शून्य रुंदीची, पण 'या' हे अक्षर बसत नाही कारण काना स्वतःचं घर मागतो, आणि लायब्ररी तो काना गुपचूप टाकून देते, एरर पण देत नाही. फैजपूर एकदम नीट आणि यावलचं यवल! मला वाटलं फॉन्टच खराब आहे.

आता पूर्ण नाव लिहायचं तर आधी ॲट्र-सेटने रंग-ठळक ठरवा, मग ॲड-डब्ल्यूएसटीआरने नाव छापा, सेटसीचार फक्त एकेका घरापुरतं. आणि निवडलेली ओळ उलट्या रंगात दाखवायची असेल तर परत लिहूच नका, एमव्हीसीएचजीएटी मारा, अक्षरं तशीच राहतात आणि रंग बदलतो. मला या लायब्ररीत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पडदा सुरू करणाऱ्या इनिट-एससीआरच्या आधी भाषा ठरवणारं सेटलोकेल लागतंच, आणि लिंक करताना शेवटी डब्ल्यू असलेलीच लायब्ररी घ्या.

एक मार्क कापतोय तो काना गपचूप टाकून देण्यासाठी, ५ पैकी ४. जोडाक्षरं मात्र लायब्ररीच्या हातात नाहीत, ते टर्मिनलचं काम. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये न्हावी गावाचा न सुटा राहून पाय मोडलेला दिसतो, एमएलटर्म भारतीय लिप्या जुळवतं. टर्मिनल ठरवायच्या आधी न्हावी, यावल, फैजपूर ही तीन नावं एकाखाली एक छापून बघा.