ज्येष्ठ नागरिक बचत योजना: चौदा महिने वापरून (आणि अकरा वेळा पासबुक नेऊन)

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, अठरा किलोमीटर एसटीनं तालुक्याला गेलो, रांगेत पाऊण तास उभा राहिलो आणि खिडकीतली पोरगी वर न पाहता म्हणाली, "काकाजी, प्रिंटर बंद आहे." त्या रागात हे लिहायला बसलो. लिहिता लिहिता राग बराच उतरला, पण पासबुकाचा मुद्दा मी सोडणार नाही.

माझं आधी सांगतो, म्हणजे पुढचे हिशेब कळतील. वीज कंपनीत लाइनमन होतो, नेर तालुक्यात. ३१ जुलै २०२४ ला ५८ पूर्ण करून घरी आलो. आमची पेन्शन ईपीएस-९५ वाली (भविष्य निर्वाह निधीवाल्यांची), म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्यात किराणा आणि गॅस होतो, तोही गहू-तूर घरची असते म्हणून. चार एकर वावर मक्त्यानं दिलं आहे. फंड आणि ग्रॅच्युइटीतून पोरीच्या लग्नाचं कर्ज फेडलं, चार लाख दवाखान्यासाठी एफडीत बाजूला टाकले आणि १५ लाख सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेत ठेवले. बँकेत ठेवले. कोणत्या बँकेत ते विचारू नका, तालुक्यात आहेतच किती.

दर ८.२ टक्के. पाच वर्षं तोच. तिमाहीला ३०,७५० रुपये, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी. चौदा महिन्यांत एकदाही चुकलं नाही, आणि जुलैची करकपात सोडली (ती पुढं सांगतो) तर एक रुपया कमी आला नाही. २०२१ मध्ये निवृत्त झालेला माझा एक जोडीदार ७.४ वर अडकला आहे. तेवढ्याच रकमेवर त्याला २७,७५० मिळतात. तिमाहीला तीन हजार कमी. त्याच्यासमोर मी हा विषय काढत नाही. (एकदा काढला होता.)

आता गोम सांगतो. ही योजना ६० च्या वरच्यांसाठी. पण ५५ ते ६० मधला नोकरीतून निवृत्त झालेला माणूसही बसतो, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरले तर. आधी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन महिने केली. त्यासाठी कंपनीचा दाखला लागतो. तो मी आणला, खातं उघडलं आणि ५८ व्या वर्षी अधिकृतपणे ज्येष्ठ झालो. फक्त या एका खात्यापुरता.

कारण आयकराच्या लेखी मी अजून ज्येष्ठ नाही. तिथं ६० लागतात. करकपात होऊ नये म्हणून एप्रिलमध्ये फॉर्म भरायला गेलो, तर खिडकीतून १५एच दिला, योजनेच्या नावात ज्येष्ठ आहे म्हणून. मी भरून दिला. तो चालला नाही, कारण तेव्हा, २०२५ मध्ये, साठीच्या आतल्याला १५जी लागायचा. ज्येष्ठांना वर्षाला एक लाखापर्यंतच्या व्याजावर कपात नाही, माझ्यासारख्या बाकीच्यांना पन्नास हजारांपर्यंतच. जुलैच्या व्याजाला कात्री लागली तेव्हा कुठं हे कळलं. आता विवरणपत्र भरून ते परत मागायचे. ५५ ते ६० मधल्या कोणी खातं काढलं असेल तर आपल्याला कोणता फॉर्म लागतो ते आधी विचारा, विचारा, विचारा. तळहातावर लिहून न्या.

एसटीतही तेच. तिथं अर्धं तिकीट ६५ ला. बायकांना १७ मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं, आणि ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. आमच्या घरात माय ८१ ची, बायको ५४ ची आणि मी. तिघं एका सीटवर बसलो की मायचे पैसे नाहीत, बायकोचे अर्धे, माझे पुरे. कंडक्टरला मी एकदा म्हटलं, "भाऊ, या घरात मीच एक कमावता उरलो काय?" तो म्हणाला, "तुमीच उरले काकाजी." माझं अर्धं तिकीट २०३१ साली सुरू होईल. डायरीत तारीख लिहून ठेवली आहे.

सुरुवातीला माझी मुख्य तक्रार पासबुकाची नव्हतीच. तक्रार होती तिमाहीची. पगारदार माणसाला महिन्याची सवय. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना दर महिन्याला देते, ७.४ टक्क्यांनी. नऊ लाखांवर ५,५५० रुपये. मी हिला म्हणालो, चुकलो, थोडे तिकडे टाकायला पाहिजे होते. पहिलं तुटक व्याज १ ऑक्टोबर २०२४ ला आलं, वीस-एकवीस दिवसांचं, सातेक हजार. ते शेगावात आणि दिवाळीत गेलं. त्यानंतर तीन महिने काही नाही. डिसेंबरात हात अगदी कोरडा होता. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी दोनच तारे दिले असते.

मत बदललं जानेवारीत, आणि ते हिच्यामुळे. ३०,७५० एकदम आले. मी म्हटलं, दहा-दहा हजार करून तीन महिने वापरू. ही म्हणाली, "काहून? पेन्शनमध्ये घर चालतेच ना. हे वाटून टाकले तं किराण्यात जाईन, कळनार बी नाही. मले समुद्र पाहाचा हाय."

समुद्र. चोपन्न वर्षांची बाई, जन्म यवतमाळ जिल्ह्यातला, पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी बेंबळ्याच्या धरणाचं. मी तरी कुठं पाहिला होता.

फेब्रुवारीत बडनेऱ्याहून अमरावती-मुंबई गाडीनं गेलो. पोरगा आणि सूनही आले. तिकिटं पोरानं काढली, चौघांचं एक तिकीट, आणि मला नि हिला मिळाले वरचे बर्थ. हे नीट समजून घ्या, मी दंड भरून शिकलो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. उरली आहे ती खालच्या बर्थची सोय. त्यात पुरुष ६० चा पाहिजे, बाई मात्र ४५ ची चालते. आणि तिकिटावर असे एक किंवा दोघंच पाहिजेत. जास्त माणसं घातली, किंवा एक बसणारा आणि एक न बसणारा असा जोडा घातला, की सोय मिळत नाही. मी तीस वर्षं पोलवर चढलो, चढायचं भय नाही. पण पोलवरून रात्री दोनदा लघवीला उतरावं लागत नव्हतं. येताना हिचं तिकीट वेगळं काढलं, माझं वेगळं. हिला खालचा बर्थ मिळाला, मला दुसऱ्या डब्यात वरचा. लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर आम्ही असे वेगळे झालो. सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर भेटलो तेव्हा ही ताजीतवानी होती.

गेटवेहून बोटीनं मांडवा, तिथून अलिबाग. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर पाणी कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत भरलेलं. सकाळी गेलो तर पाणीच नाही, लोक चालत किल्ल्यात जात होते. ही घाबरली. म्हणाली, "रात्रीतून गेलं कुठी एवढं?" मी म्हटलं, भारनियमन आहे, वेळापत्रकानं येते-जाते. एका चहावाल्यानं खरोखरच भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या होत्या. त्या मी बराच वेळ वाचत उभा होतो. आयुष्यभर लोकांना अशाच वेळा सांगितल्या आणि शिव्या खाल्ल्या. इथं कोणी समुद्राला शिव्या देत नव्हतं.

चौघांचं मिळून तेवीस हजार लागले. उरलेले खात्यात राहिले. मनात कुठंही टोचलं नाही, कारण तो पैसा कोणाच्या वाटचा नव्हता. महिन्याला आला असता तर हे झालं नसतं, हे मी आता लिहून देतो. तिमाहीचा दोष मी मागे घेतला.

एप्रिलात आमच्याकडे कोणी कुठं जात नाही. ४५ डिग्रीत माणूस कूलरपुढून उठत नाही. ते पैसे तसेच पडले, आणि तेव्हाच पोराला पिकअप गाडी घ्यायची सुचली. "बाबा, मोडून टाका, मी दोन टक्क्यांनी देतो महिन्याला." मी बँकेत जाऊन विचारलं. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून कापून घेतात. वर्ष ते दोन वर्षांत दीड टक्का, म्हणजे माझे २२,५००. दोन वर्षांनंतर एक टक्का. पोराला आकडा सांगितला. तो गप्प झाला. नियम नसता तर मी नाही म्हणू शकलो नसतो, बापाचं मन. पैसा अडकतो ही लोकांची तक्रार असते. माझा अडकला म्हणून वाचला. पिकअप त्यानं नंतर कर्जानं घेतली, चालते आहे बरी.

जुलैचं व्याज १ तारखेला, आषाढी ६ तारखेला. हा मेळ तर मी जमवला नव्हता. मायला घेऊन एसटीनं पंढरपूर. ती शेवटची गेली होती तेव्हा माझे वडील होते. दोन दिवस रांगेत गेले, पायाला गोळे आले, पण मायनं घरी आल्यावर गल्लीतल्या प्रत्येक बाईला पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे जाऊन-येऊन एक रुपया लागला नाही. विठोबा दुसऱ्या नंबरला.

एक मात्र बारकाईनं पाहा. व्याज पाच वर्षं हेच राहणार, ३०,७५०. आणि एसटीचं भाडं पहिल्याच जानेवारीत १४.९५ टक्के वाढलं. म्हणजे २०२९ मध्ये याच पैशात याच्याहून जवळचं गाव गाठता येईल. म्हणून मी लांबच्या सहली आधी आणि जवळच्या नंतर लावल्या आहेत. चिखलदरा, लोणार, माहूर हे सगळं सत्तरीत होईल. रामेश्वर आत्ताच केलं पाहिजे, गुडघे आणि रुपया दोन्ही धड असताना. निवृत्त होणारे बहुतेक जण उलटं करतात, आधी शेगाव-माहूर करतात आणि लांबचं "पुढं पाहू" म्हणून ठेवतात.

आता पासबुक.

पोरगा म्हणतो मोबाइलवर मेसेज येतो ना, मग कशाला जाता. मी लाइनमन माणूस. कंट्रोलवरून कोणी कितीही सांगितलं की लाइन बंद आहे, तरी टेस्टर लावल्याशिवाय आणि अर्थिंग टाकल्याशिवाय तारेला हात लावत नाही. ज्यांनी लावला त्यांचे फोटो युनियनच्या ऑफिसात आहेत. मेसेज म्हणजे फोनवरून कोणीतरी सांगितलेलं. छापलेली ओळ म्हणजे टेस्टर. शिवाय उद्या मला काही झालं तर ही मोबाइल उघडणार आहे का? तिला पासबुक कळतं. तारीख, रक्कम, शिल्लक. बस.

चौदा महिन्यांत अकरा फेऱ्या. चार वेळा छापून मिळालं. बाकी सात वेळा: प्रिंटर बंद, सर्व्हर डाउन, छापणारा रजेवर, "बारकोडची पट्टी नाही चिकटवली, उद्या या", पट्टी चिकटवली तर मशीन ती वाचेना, पुन्हा सर्व्हर डाउन, आणि हे ३ ऑक्टोबरचं. प्रत्येक फेरीला जाऊन-येऊन साठेक रुपये, अधिक चहा. सात वाया फेऱ्यांचे चारशेवीस. दर काढला तर १५ लाखांवर शून्य पूर्णांक शून्य काहीतरी टक्के येतो, मला माहीत आहे. पोरानं काढून दाखवला. तरीही. ८.२ टक्के देणाऱ्या व्यवस्थेला दोन रुपयांची शाई मिळत नाही, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

हयातीचा दाखला बघा. माझ्या अंगठ्याचे ठसे पकड-दोरीनं घासून गेलेत, मशीन घेत नाही. पूर्वी असता तर भटकत बसलो असतो. आता पोरानं मोबाइलवर चेहरा दाखवायला लावला, डोळे मिचकावले, झालं, वर्षभर मी जिवंत. एवढं अवघड काम घरी बसून होतं आणि एक ओळ छापायला अठरा किलोमीटर.

शेवटी ऑक्टोबरमध्ये एक उपाय सुचला, आणि तो मी काटकसरीतून काढला हे कबूल करतो. हिला अर्धं तिकीट. मग मी कशाला जायचं? दिवाळीनंतर सोमवारी हिलाच पासबुक देऊन पाठवलं. वाया गेली तरी तीसच रुपये जातील, असा हिशेब. ही दुपारी दोनला परत आली. राहिलेल्या सगळ्या ओळी, काळ्याभोर अक्षरात. कसं काय म्हटलं, तर म्हणाली, "मी त्या पोरीले म्हटलं, बाई, आमच्या घरी बुढा दर वेळी चिडून येते, जेवत नाही. तिनं मागच्या खोलीतून दुसरी मशीन आनली."

दुसरी मशीन होती. चौदा महिने मागच्या खोलीत दुसरी मशीन होती.

योजनेला पाचपैकी साडेचार. अर्धा कशासाठी कापला ते सांगायची गरज नाही. जानेवारीच्या व्याजात मागची शिल्लक घालून रामेश्वरचं आरक्षण करायचं आहे, हिचं वेगळं, माझं वेगळं. पासबुकात आता तीनच ओळी उरल्या आहेत. नवीन पासबुक कुठल्या खिडकीला मिळतं हे कोणाला माहीत असेल तर सांगा, हिला पाठवतो.