सिमन्सनचा थॉर: घणाचे घाव अजून घुमतात

वॉल्टर सिमन्सनने १९८३ मध्ये ३३७व्या अंकापासून मार्व्हलचा ‘थॉर’ (नॉर्स वज्रदेवावरचं सुपरहिरो कॉमिक) हाती घेतला आणि ३८२व्या अंकापर्यंत लिहिला. पहिल्याच अंकात घोड्यासारख्या तोंडाचा परग्रहवासी बीटा रे बिल थॉरचा, फक्त पात्र व्यक्तीलाच उचलता येणारा हातोडा उचलतो. म्हणजे नायकाची मक्तेदारीच गेली!

खरी करामत मात्र अंकागणिक अधूनमधून येणाऱ्या छोट्या तुकड्यांत आहे. अंधारात कुणीतरी तलवार घडवतोय आणि जॉन वर्कमनच्या अक्षरांत ‘डूम!’ असा घाव पानभर घुमतो. तो अग्निराक्षस सुर्तुर आहे हे बऱ्याच उशिरा कळतं. म्हणून अंक गाळून वाचू नका. ३५३ पर्यंत सलग वाचलं तरच त्या घावांचं व्याज मिळतं.

३६२व्या अंकात अस्गार्डचा (देवांच्या नगरीचा) योद्धा स्कर्ज एकटा मृतांच्या राज्याचा ग्यालरब्रू पूल अडवून उभा राहतो. बाजीप्रभूंची आठवण न झाली तरच नवल. त्यानंतर लगेच थॉर बेडूक होतो, आणि तेही जमलंय.

३६८ पासून सिमन्सनऐवजी चित्रं मुख्यतः सॅल ब्युसेमाची. रेषा साधी होते, वेग टिकतो. ३८०व्या अंकात जगाला वेढणाऱ्या मिडगार्ड सर्पाशी थॉरची झुंज आहे, प्रत्येक पानावर एकच चित्र.

मूळ एड्डांशी (जुन्या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथांशी) ताडून बघणाऱ्यांनी सांभाळावं: तिथे कपटी लोकी हा थॉरचा बाप ओडिन याचा रक्तबंधू आहे, कॉमिकमधल्यासारखा दत्तक मुलगा नव्हे. २०११च्या एकत्रित आवृत्तीत स्टीव्ह ऑलिफने रंग नव्याने भरलेत. देखणे आहेत, पण जुन्या सपाट रंगांत सिमन्सनची टोकदार रेषा जास्त उठून दिसते.